"आदिवासींना धर्म नसतो, नुसती भीती असते" या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आमचा धरम नाय का?" कोणी सांगितलं विचारलं तर म्हणे दादाच्या मोबाईलवर आलंय. दादा बोईसरला कंपनीत जातो, तिथल्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेलं. आणि संध्याकाळी घरी येऊन बघते तर तोच मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर, मोठ्या मावशीने पाठवलेला, वर "माहितीपूर्ण, नक्की वाचा".

मेसेजमध्ये थोडक्यात असं आहे: आदिवासींना धर्म नसतो, वाघ, वीज, पाऊस यांच्या भीतीने ते दगडाला शेंदूर फासतात. त्यांना ग्रंथ नाही म्हणून तत्त्वज्ञान नाही. झाडं-डोंगर पूजणं ही माणसाच्या बालपणातली पायरी. त्यांचा धर्म म्हणजे भगत आणि जादूटोणा. आणि जनगणनेत यांना रकाना नाही, यावरूनच काय ते समजा. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, संदर्भ एकही नाही.

मी बारा वर्षं पालघर जिल्ह्यात वारली पाड्यांवरच्या मुलांना शिकवतेय. मी वारली नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने बोलायचा हक्क मला नाही, पण जे डोळ्यांनी बघितलंय ते तरी सांगू शकते.

आधी भीतीचं घेऊ, कारण सगळा मेसेज त्याच्यावरच उभा आहे. आमच्याकडे पाड्याच्या शिवेवर वाघोबा असतो. लाकडी नाहीतर दगडी फळी, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळं शेंदराने माखलेलं. हे बघून शहरातला माणूस म्हणणार की घाबरतात म्हणून पूजतात. पण घाबरलेला माणूस काय करतो? विष घालतो, सापळा लावतो, वनखात्याला फोन करून पिंजरा मागवतो. इथे काय आहे तर करार आहे. काही पाड्यांवर गोष्ट सांगतात ती अशी, की एका बिनलग्नाच्या बाईला मूल झालं, ते मूल वाघ झालं आणि गावातली गुरं खायला लागलं, लोक मारायला उठले तेव्हा आई मध्ये पडली. ती त्याला म्हणाली, तू रानात जा, गाव तुला देऊळ बांधेल आणि वर्षातून एकदा तुझा वाटा देईल, तू गुरांना हात लावायचा नाही. म्हणजे वाघ कोण, तर गावच्याच एका लेकीचं पोर! याला भीती कसं म्हणायचं मला कोणी समजावून सांगा.

आणि हे फक्त माझं निरीक्षण नाही. रम्या नायर, विद्या अत्रेय या वन्यजीव अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या विषयावरचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झालाय, त्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यात हिंडून दीडशेहून जास्त वाघोबाची ठिकाणं नोंदवली. त्यांचं म्हणणं असं की वारल्यांचं वाघोबाशी असलेलं नातं दोन्ही बाजूंचं आहे, माणसाने आपलं देणं द्यायचं, वाघोबाने राखण करायची, आणि बिबट्या आणि माणूस एकाच जागेत राहू शकतात त्याला हे नातंही हातभार लावतं. इथला पट्टेरी वाघ कधीच संपला, बिबट्या आहे, त्यालाच वाघ म्हणतात. कधी शेळी जाते, कधी कुत्रं जातं. लोक हळहळतात, चिडतात पण, भरपाईचा अर्जही करतात, वाघोबा आहे म्हणून बिबट्या दिसला की हात जोडून बसत नाहीत. पण "हा इथे का आला" असं कोणी विचारत नाही, त्याचं रान आहे हे धरूनच चालतात.

वाघोबाचा वर्षातला सण म्हणजे वाघबारस, ती कधी असते माहितीय? आपली वसुबारस असते त्याच दिवशी. त्या दिवशी आपण गाय-वासराला ओवाळतो आणि इथे गायीवर झडप घालणाऱ्याला त्याचा वाटा देतात. आपल्या बारशीला श्रद्धा म्हणायचं आणि यांच्या बारशीला भीती, हा कुठला न्याय?

दुसरा मुद्दा ग्रंथाचा. मावशीच्या हॉलमध्ये वारली चित्राची एक फ्रेम आहे, मध्ये नक्षीदार चौकोन आणि आत एक आकृती. ती सजावट नाहीये, तो लग्नाचा चौक आहे आणि आत बसलीये ती पालघट देवी. लग्नाच्या घरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी बायका तांदळाच्या पिठाने तो काढतात, बांबूच्या काडीचं टोक चेचून त्याचा ब्रश करतात, आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावणारी पण बाईच, धवलेरी. एकदा एका लग्नात मी रात्रभर बसले होते, धवलेरी एक ओळ म्हणायची आणि मागच्या बायका ती उचलायच्या. त्यात धरतरी म्हणजे धरणी होती, पाऊस होता, कणसरी म्हणजे धान्याची माय होती, देव कुठून आले ते होतं. सकाळी मी विचारलं, एवढं पाठ कसं केलंत, तर म्हणाली "आयकून आयकून." कागदावर नाही म्हणजे विचारच नाही असं कसं? आपल्याकडेसुद्धा वेद शेकडो वर्षं तोंडपाठच होते, तेव्हा ते धर्मात धरायचे आणि धवलेरीचं गाणं नाही? जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, आपण चित्र घेतलं, त्यातली देवी मात्र कोण ते विचारलंच नाही.

"बालपणातली पायरी" हे पण काही नवीन नाही, टायलर नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८७१ मध्येच असली उतरंड मांडली होती आणि मानववंशशास्त्राने ती कधीच मोडीत काढली. डोंगराला देव मानणं पोरकट वाटत असेल तर नियमगिरी आठवा. ओडिशातले डोंगरिया कोंध आदिवासी त्या डोंगराला त्यांच्या देवाचं, नियमराजाचं ठिकाण मानतात, तिथे बॉक्साइटची खाण होणार होती. सुप्रीम कोर्टाने १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं की या लोकांच्या धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभेसमोर ठेवा, आणि १२ च्या १२ ग्रामसभांनी खाण नाकारली. देशातल्या सर्वोच्च कोर्टाला यात धर्म दिसला, फॉरवर्ड लिहिणाऱ्याला दिसला नाही.

आता भगत. इथे मला थोडं मान्य करावंच लागेल, नाही केलं तर खोटं होईल. साप चावल्यावर आधी भगताकडे नेलं आणि दवाखान्यात पोचायला उशीर झाला, हे माझ्या शाळेतल्या एका मुलाच्या बाबतीत झालंय, वाचला तो, पण आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आणि एखाद्या बाईला भुताळी म्हणजे चेटकीण ठरवून मारहाण करणं, वाळीत टाकणं, हे होतं, त्यात बायकांचे जीव गेलेत, आणि त्याला परंपरा म्हणून कोणी पाठीशी घालू नये. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो लावलाच पाहिजे. पण तो कायदा काही आदिवासींसाठी वेगळा केलेला नाही, शहरातल्या बाबा-बुवांनाही तोच लागतो. तिथे एखादा बाबा पकडला म्हणून कोणी आपल्या सगळ्या धर्माला जादूटोणा म्हणत नाही ना? भगत सणाचे, पेरणीआधीचे विधी करतो, झाडपाला ओळखतो, तंट्यात मध्ये बसतो. त्यातलं वाईट ते वाईटच, पण सगळा धर्म तेवढाच नाही.

जनगणनेचं तर सरळ चुकीचं आहे. इंग्रजांच्या जनगणनेत आदिवासी धर्मांची वेगळी नोंद व्हायची, स्वातंत्र्यानंतर ती बंद झाली. तरी २०११ ला 'इतर धर्म' या रकान्यात जवळपास ७९ लाख लोक आहेत, त्यात एकट्या सरना या झारखंडकडच्या आदिवासी धर्माचे ४९ लाखांवर आणि गोंडी लिहिणारे १० लाखांवर. सरना कोड, म्हणजे जनगणनेत या धर्माला वेगळा रकाना द्या, असा ठराव झारखंड विधानसभेने २०२० मध्ये केलाय. आमच्याकडचे बरेच वारली हिंदू लिहितात, तो त्यांचा निर्णय, त्यांना कोणी विचारलं तर ते सांगतील. रकाना नाही म्हणून धर्म नाही, हे मात्र कोणी ठरवलं?

त्या मुलीला मी एवढं सगळं सांगत बसले नाही. म्हटलं घरी जाऊन आजीला वाघोबाची गोष्ट विचार आणि वहीत लिहून आण. दुसऱ्या दिवशी दीड पान लिहून आणलं तिने, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पण गोष्ट पूर्ण. आजीच्या गोष्टीत आई वाघाला रानात सोडायला स्वतः जाते आणि जाताना त्याला तांदळाची भाकर बांधून देते, हे मी आधी कुठे ऐकलं नव्हतं. त्या पानांचा फोटो काढून, मुलीला विचारून, मी फॅमिली ग्रुपवर टाकलाय, मावशीच्या मेसेजच्या बरोब्बर खाली.