तंबाखूच्या गावातून 'स्पष्टवक्ता' यांना

नमस्कार. भित्तिचित्रांतल्या रंगांच्या तपासणीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय, त्याचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतरांना संदर्भ लागेल. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातले रंग तुमच्या डोळ्यांदेखत पुसट होत चाललेत. तपासणीचे अहवाल कपाटात पडून राहतात. नमुन्यांसाठी भिंत खरवडतात. बदामीवर मी दोनच ओळी खरडल्या, आणि फोटो धूसर आहेत. या सगळ्यात मधोमध हे वाक्य: 'रंगात लोखंड आहे की शिसं, हे कळून भिंतीचं काय भलं होणार? तंबाखूच्या गावात बसून लेण्यांचं रसायनशास्त्र सांगणं सोपं असतं.'

फोटो धूसर आहेत, कबूल. माझा मोबाईल जुना आहे आणि लेण्यात फ्लॅश मारणं मला पटत नाही.

आता तंबाखू. होय, मी निपाणीचा. माझे वडील इथल्या वखारींच्या पाट्या रंगवायचे, मराठीही आणि कानडीही. तयार रंगाचे डबे परवडायचे नाहीत, म्हणून सुकी पूड आणायची आणि घरीच कालवायची. सरसाची वाटी चुलीच्या कडेला कायम असायची, आणि तो वास ज्याच्या नाकात एकदा बसलाय त्याला 'रंग कशात कालवलाय' हा प्रश्न पुस्तकात वाचावा लागत नाही. आमच्या पडवीच्या भिंतीवर वडिलांनी खंडोबा काढला होता. घोडा चुन्यात, देव डिंकातल्या रंगात. एका दिवाळीच्या तोंडावर आत्याने सगळं घर झाडून पुसून काढलं आणि त्याच ओल्या फडक्यानं भिंतही पुसली. घोडा जागेवर राहिला, देवाचा चेहरा फडक्यावर उतरला. आत्याच्या भक्तीत काही कमी नव्हतं. भिंतीवर काय आहे ते तिला माहीत नव्हतं, एवढंच.

पुढे नोकरीभर हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं. पिवळी माती लोखंडी पळीत तापवायची. बघता बघता ती कडेकडेनं विटकरी होत जाते आणि शेवटी गेरूसारखी लाल दिसते. पिवळ्या मातीतलं लोहखनिज म्हणजे गोएथाइट. त्यातलं पाणी निघून जातं, मागे हेमॅटाइट हे लाल लोहखनिज उरतं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा तेवढ्यापुरती पुढे येऊन उभी राहायची. त्यातल्या एकानेही 'हे कळून काय भलं होणार' असं विचारलं नाही, आणि ती तंबाखूच्याच गावची पोरं होती.

तरी विचारलंय तर ऐका. गेरूतलं लोखंड शतकानुशतकं रंग सोडत नाही. शेंदूर शिशाचा, तो उजेडानं आणि ओलाव्यानं काळवंडू शकतो. समोर काळा डाग आहे. तो वर बसलेल्या काजळीचा की खालच्या शेंदराचाच, हे कळल्याशिवाय कापसाचा बोळा टेकवायचा कसा? काजळी समजून घासलंत आणि तो शेंदूर निघाला, तर चित्रच पुसलंत. लोखंड की शिसं, याने हे भलं होतं.

अजिंठ्याचं उदाहरण मी लेखात दिलं होतंच, पण बहुधा तुमची नजर तोवर फोटोंवर अडकली असावी. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून लोरेन्झो चेकोनी यांना बोलावलं. सुटत आलेले पापुद्रे त्यांनी भिंतीला पुन्हा चिकटवले, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण चित्रांवर लाखेचं रोगण चढलं. सुतार लाकडाला लावतात तोच चपडा. तेव्हा रंग उजळले, पुढे तेच रोगण पिवळं, तपकिरी होत गेलं. लाख स्पिरिटनं सुटते हे कुठलाही पॉलिशवाला सांगेल. पण खालचा रंग स्पिरिटला टिकेल का, पाण्याला टिकेल का? अजिंठ्यात ओल्या चुन्यावर केलेलं काम नाही. मातीचं लिंपण, त्यावर पांढरा पातळ थर, तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. आमच्या आत्याचं फडकं तिथे चालत नाही.

खरवडण्याबद्दल. हातात धरायचं एक्स-रे यंत्र भिंतीला न शिवता 'लोखंड' म्हणून सांगतं, पण गेरू की पिवळी माती हे त्याला कळत नाही, कारण लोखंड दोन्हीत आहे. अजिंठ्यातला निळा म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा लाजवर्द, एक निळा दगड. सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक, सगळी हलकी मूलद्रव्यं. तिथे हे यंत्र चाचपडतं, रामन वर्णपटाचं यंत्र, म्हणजे लेसरचा उजेड टाकून पदार्थ ओळखणारं, मात्र नेमकं बोट ठेवतं. डिंक आणि सरस तर एक्स-रेला दिसतच नाहीत. त्यासाठी कण लागतो, टाचणीच्या टोकाएवढा, तोही आधीच तुटलेल्या कडेवरचा. तो राळेत बसवून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की माती, पांढरा थर, रंग, रोगण एकावर एक दिसतात. याला तुम्ही 'खरवडणं' म्हणता. म्हणा.

राहिली बदामी. लेख अजिंठ्यावर होता, बदामी ओघात आली. तिसऱ्या लेण्यात चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे आणि चित्रं दर्शनी छज्ज्याच्या आतल्या अंगाला, जवळजवळ उघड्यावर आहेत, हे मलाही ठाऊक आहे. मद्रासच्या सरकारी संग्रहालयातले एस. परमशिवन यांनी तिथल्या चित्रणपद्धतीची तपासणी १९३९ मध्ये छापली होती. तेव्हा तपासणी हे आजचं फॅड नव्हे. त्यानंतर कुठला अहवाल कुठल्या कपाटात गेला, हे मला का विचारता? मी तिथला रखवालदार नाही. रंग पुसट होताहेत, तर त्याची तक्रार जिथे करायची तिथे करा. माझ्या लेखाखाली करून छज्जा दुरुस्त होणार नाही.

बाकी मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं मला काही दिसलं नाही. तुम्ही कामानिमित्त बागलकोटला असता असं लिहिलंय, म्हणजे बदामी तुम्हाला माझ्यापेक्षा जवळ. एखाद्या सकाळी, ऊन तिरपं असताना छज्ज्याचे स्वच्छ फोटो काढून पाठवलेत तर तुमच्या नावानं टाकीन. मात्र नाव लावून पाठवा. 'स्पष्टवक्ता' या नावाला मी यापुढे उत्तर देणार नाही.