समूह बांधावा नेटका

अभिनंदन! समाजकार्याची पदवी, वर ग्रामीण व्यवस्थापनाचा डिप्लोमा, आणि आता हातात 'समन्वयक' असं छापलेलं ओळखपत्र. समुदाय बांधणीच्या, म्हणजे गावोगाव बायकांचे बचत गट उभे करण्याच्या धंद्यात तुमचं स्वागत आहे. पूर्वी या कामाला पगार नव्हता, लोक उगाचच ते करत बसायचे. भिशी लावायचे, भजनी मंडळ चालवायचे, कुणाच्या घरी मयत झाली की भाऊबंद दहा दिवस डबा पोचवायचे. कुणी अहवाल मागितला नाही, कुणी दिला नाही. एवढं मोठं क्षेत्र असं बेवारस पडलं होतं हे आज खरं वाटत नाही.

तर पहिली गोष्ट. गावात शिराल तेव्हा तिथे तुमच्याआधी काहीच नव्हतं, असं धरून चाला. गल्लीत पंधरा वर्षं चाललेली भिशी असेल, पेरणीला एकमेकींच्या रानात जाणाऱ्या बायकांची टोळी असेल, उसनवारीचा अख्खा बाजार असेल. पाहणीच्या फॉर्मात यासाठी रकाना नाही, म्हणजे ते नाहीच. फॉर्मात 'असंघटित' असा शब्द आहे, तो लिहा आणि पुढच्या घरी जा. पाया शून्य दाखवला तरच इमारत तुमच्या नावावर लागते.

थोडा इतिहास पाठ असू द्या, मुलाखतीत कामी येतो. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ चं. बचत गटांना बँकेशी जोडण्याचा नाबार्डचा, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेचा प्रयोग १९९२ मध्ये अवघ्या ५०० गटांपासून सुरू झाला. राज्यात 'उमेद' हे गावातल्या बचत गटांचं सरकारी अभियान आलं २०११ मध्ये. गटात दहा ते वीसच बायका का, असं कुणी विचारलं तर 'संशोधनाअंती ठरलं आहे' म्हणा. वरच्या मर्यादेचं कारण पुष्कळसं असं, की तेव्हाच्या कंपनी कायद्यात वीसपेक्षा जास्त माणसं नफ्यासाठी एकत्र आली की नोंदणी करावी लागे. पण हे सांगितलं की समोरच्याचा समुदायशास्त्रावरचा विश्वास उडतो. म्हणून नका सांगू.

आता गट. मार्चअखेर आली, लक्ष्यात दोन गट कमी पडतायत, म्हणून रडत बसू नका. वीस जणींचा एक चालता गट घ्या आणि मधून कापा. दोन झाले. 'एका घरातली एकच' हा नियम एका गटापुरता आहे, त्यामुळे सासू या गटात आणि सून त्या गटात बसते. दोघींना बोलायला निमित्तच नको होतं, ते आपोआप साधतं. तिसऱ्या गटासाठी शेजारच्या वस्तीवर आधार कार्डांच्या झेरॉक्स गोळा करा. झेरॉक्स दिल्या म्हणजे काहीतरी मिळणार, इतकं लोकांना अनुभवानं कळलेलं आहे. कशासाठी हे आता कुणी विचारत नाही.

गट झाला की पंचसूत्री. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित हिशोबलेखन. पुढे तिची दशसूत्री झाली, पण आधी पाच तरी तोंडपाठ करून घ्या. साहेब भेटीला आले की एकीनं 'नियमित' म्हणायचं आणि बाकीच्यांनी आरतीसारखं उचलायचं. साहेब खूश होतात. शेवटची बैठक कधी झाली हे ते विचारत नाहीत, कारण तेही कधीकाळी समन्वयकच होते.

खरी कसोटी लागते श्रेणीकरणाला, म्हणजे कर्जाआधी गटाला गुण देतात तेव्हा. बँकेत कर्जप्रकरण टाकायचं तर गट किमान सहा महिने चालू हवा, बैठका वेळच्या वेळी झालेल्या हव्यात आणि वह्या पूर्ण हव्यात. आठवड्याला एक म्हटली तरी सव्वीस बैठका, आणि तुमच्या हातात असते एक दुपार. इथे कारागिरी लागते. तीन पेनं घ्या, त्यातलं एक जरा झरणारं असू द्या. दर बैठकीला एकदोन जणी गैरहजर दाखवा, माहेरी गेली, तापानं आजारी, लग्नाला गेली. सूचक आणि अनुमोदक फिरते ठेवा. आठव्या-नवव्या पानावर चहाचा कप टेकवा. अंगठे सगळे एकाच दाबाचे नकोत, शाईचा पॅड मध्ये जरा कोरडा होऊ द्या. आणि तारखा मात्र कॅलेंडर समोर ठेवूनच घाला. पोळ्याच्या दिवशी शंभर टक्के हजेरी दाखवू नका. शाखाधिकारी शेतकऱ्याचा मुलगा निघाला तर पंचाईत.

या कामात एकच खरा धोका आहे, तो म्हणजे कोपऱ्यातली मावशी. ती प्रत्येक गटात असते. अक्षरओळख नाही, पदर नीट, बोलणं कमी. तुम्ही वही उघडून मोठ्यानं वाचत असता, 'येणे बाकी एक हजार दोनशे', आणि ती भिंतीला टेकून म्हणते, "बाराशे नाही, अकराशे. शंभर तिनं संक्रांतीच्या आधल्या मंगळवारी दिले. ही पण होती, ती पण होती. तुम्ही तेव्हा फोनवर होता." वही बघावी तर खाडाखोड, आणि बाकी दोघी माना डोलावतात. अशा बाईमुळे गट चालतो ही अफवा आहे. अशा बाईमुळे तुम्ही चालत नाही. तिला ताबडतोब 'मार्गदर्शक' करा, या पदाला सही नसते. नाहीतर अभ्यासदौऱ्यावर पाठवा, दुसऱ्या जिल्ह्यातला आदर्श गट बघायला. ती जाईल, बघेल, आणि परत येऊन त्यांच्याही हिशोबातली चूक सांगेल. पण तेवढे चार दिवस तरी निवांत.

हे वेळीच केलं नाही तर म्हसवड होतं. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायला अर्ज केला, तर रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. कारण प्रवर्तक बायकांत अंगठा उठवणाऱ्या होत्या. तुम्ही-आम्ही अशा वेळी काय केलं असतं? क्षमता बांधणीचा तीन वर्षांचा प्रस्ताव लिहिला असता. या बायकांनी काय केलं, तर काम आटोपून लिहा-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांत पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या. वर अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा. आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय तेच काढायला सांगा, बघू आधी कोणाचं होतं. १९९७ मध्ये बँक सुरू झाली, माणदेशी महिला बँक. आता मला सांगा, अशा बायकांना तुम्ही चार्टपेपरवर 'माझ्या स्वप्नांचं झाड' काढायला कोणत्या तोंडानं सांगणार?

लिज्जतचंही नाव प्रशिक्षणात जपून घ्या. मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. ध्येयवाक्य नाही, सल्लागार नाही, पायाभूत पाहणी नाही. सातच जणी म्हणजे किमान दहाची अटही पुरी होत नाही. आपल्याकडे आल्या असत्या तर 'आणखी तीन सदस्य जोडून पुन्हा सादर करावे' असा शेरा मारून अर्ज परत गेला असता, आणि रीतसर गेला असता.

मात्र पापड हा धंदा म्हणून उत्तमच आहे. तालुक्यातले सगळे गट पापड, लोणची आणि काळा मसाला करतात आणि प्रदर्शनात एकमेकींच्या स्टॉलवरून विकत घेतात. उलाढाल दिसते.

उपजीविकेच्या बाबतीत बायका फार गोंधळ घालतात. त्यांना पैसे हवे असतात पोरीची फी भरायला, नवऱ्याच्या ऑपरेशनला, सोयाबीनचं बियाणं घ्यायला, सावकाराचं तोंड बंद करायला. या सगळ्याला आपल्या भाषेत 'अनुत्पादक खर्च' म्हणतात. पोरगी शिकली तर काय उत्पन्न होणार! तेव्हा कर्जप्रकरणावर शेळीपालन लिहा. पडताळणीला शेळी लागते, त्याची काळजी नको. एका सदस्याकडे असतेच. तीच चार घरांसमोर उभी करून चार फोटो काढा, बाई बदला, दावं बदला. फक्त कानातला बिल्ला फोटोत येऊ देऊ नका. त्यावर नंबर असतो आणि वाचणारा एखादा असतोच.

आता जरा वरच्या पातळीची विद्या. 'सामाजिक भांडवल' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याचा अर्थ असा, की एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या नऊ जणी तिच्या दारात जाऊन बसतात. बँकेला वसुली अधिकारी ठेवावा लागत नाही, त्याचा पगार वाचतो, परतफेडीची टक्केवारी झळकते. हीच युक्ती खासगी फायनान्सवाल्यांनी उचलली आणि आता एकाच गल्लीत सोमवार एका कंपनीचा, बुधवार दुसरीचा, शुक्रवार तिसरीचा असे वसुलीचे वार लागलेत. सोमवारचा हप्ता भरायला शुक्रवारचं कर्ज काढलं जातं. बायका एकत्र यायच्या त्या कशासाठी, असं एखादी विचारते. तिला सशक्तीकरणाची पुस्तिका द्या, रंगीत आहे.

ग्रामसंघाच्या बैठकीचा फोटो हा स्वतंत्र विषय आहे. वस्तीगणिक गट केले, की प्रत्येक गटात एकाच जातीच्या बायका येतात. अहवालात याला 'आपुलकीवर आधारित समूह' म्हणतात. मग सगळ्या गटांचा मिळून ग्रामसंघ, आणि बैठक देवळाच्या सभामंडपात, कारण तिथे पंखा आहे. तिथे काही गटांच्या बायका सतरंजीवर बसतात आणि एका गटाच्या पायरीशी बसतात. कुणी बसवत नाही, त्या आपणच बसतात, असं तुम्हाला सगळे सांगतील. फोटो वरून काढा, खुर्चीवर चढून. वरून सगळ्या एका पातळीत दिसतात. 'सर्व समाजघटकांचा सहभाग' या ओळीखाली तोच लावायचा असतो.

समुदाय भरभराटीला आला हे शेवटी कशावरून ओळखायचं? बसवरून. जिल्ह्याला कुणी मोठे पाहुणे येणार असले की आदल्या रात्री निरोप येतो: अमुक गाडी, इतक्या बायका, साड्या एका रंगाच्या. पहाटे सहाला गाडी निघते, दुपारी दोनला पाहुणे येतात, मधल्या वेळात मंडपात ऊन सरकत असतं आणि लघवीला जायला जागा नसते. पुलावाचं पाकीट मिळतं. भाषणात 'माझ्या बहिणी' असा उल्लेख येतो तेव्हा टाळी वाजवायची, ती खूण आधी ठरवून ठेवा. न आलेल्यांना पुढच्या बैठकीत दंड लावा. वहीत 'शिस्तभंग' असा रकाना आहे, तो वर्षभर रिकामाच असतो.

आणि हो, हे सगळं करणार कोण? तुम्ही नाही. गावात समुदाय संसाधन व्यक्ती असते, म्हणजे सीआरपी ताई. गट तीच उभे करते, वह्या तीच पुऱ्या करते, बँकेत चार-चार खेपा तीच घालते, दारू पिऊन आलेल्या नवऱ्यासमोर तीच उभी राहते. तिचं मानधन महिना ३ हजार होतं, २०२३ मध्ये ६ हजार करायचं ठरलं. ते वेळेवर येत नाही म्हणून ती कुरकुर करेल. तिला सांगा, हे काम पैशांसाठी करायचं नसतं, समाजासाठी करायचं असतं. हे सांगण्यासाठी तिला जिल्ह्याच्या हॉटेलातल्या कार्यशाळेला बोलवा. येण्याजाण्याचं एसटीचं तिकीट जपून ठेवायला सांगा, त्याशिवाय प्रवासखर्च निघत नाही. तुमच्या खोलीचं बिल थेट कार्यालयाकडे जातं, ते तिला दाखवण्याची गरज नाही.

एक दिवस प्रकल्प संपतो. गांगरू नका. त्या दिवशी दोन कागद करायचे असतात. पहिला समारोपाचा अहवाल: समूह स्वयंपूर्ण झाले आहेत, निर्णय स्वतः घेतात, बाहेरच्या आधाराची गरज उरलेली नाही. दुसरा पुढच्या टप्प्याचा प्रस्ताव: समूह अजून नाजूक अवस्थेत आहेत, मध्येच हात काढून घेतला तर आजवरचं काम वाया जाईल. दोन्ही एकाच कार्यालयाला, बहुधा एकाच दिवशी जातात. मेलला जोडताना अदलाबदल झालीच तर फार घाबरू नका. दोन्हींच्या मुखपृष्ठावर तीच शेळी असते.