'खोलात जा'

तर परवा लघुप्रबंधाचा तिसरा खर्डा सरांकडून परत आला. दीड महिना ठेवून घेतला होता. फीडबॅक काय, तर पहिल्या पानावर पेन्सिलीने 'खोलात जा'. मागच्या वेळी 'फार पसरलंय' होतं. विषय पानशेत धरण फुटून पुण्यात आलेला पूर, अजून किती खोलात जाऊ?? आणि एकच दुरुस्ती, 'पूराचे'चं 'पुराचे'. ते 'पूराचे' सरांनीच मागच्या खर्ड्यात करून दिलेलं, मी आपलं पुराचेच लिहिलं होतं.

गेले परत डीटीपीवाल्या काकांकडे. चष्मा कपाळावर, स्क्रीनवर कुणाची तरी लग्नपत्रिका अर्धवट. म्हणाले, "ताई, एक बोलू का, राग मानू नका." (म्हणजे राग येईल असंच काहीतरी येणार.)

"तुमचं धरण चौदाव्या पानावर फुटतं."

"मग?"

"उशीर होतो. पत्रिकेत मुहूर्त चौथ्या पानावर टाकला तर जेवायला कोण येईल?"

मी म्हटलं काका, हे संशोधन आहे, आधी पार्श्वभूमी द्यावी लागते. तर त्यांनी झेरॉक्सच्या अख्ख्या रांगेसमोर माझं पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं, 'प्राचीन काळापासून मानवाचे पाण्याशी अतूट नाते आहे.' "हे मी आता टाईप करत नाही. सेव्ह करून ठेवलंय. बचतगट असो, एसटी असो, सगळ्यांचं प्राचीन काळापासूनच असतं, फक्त नातं कुणाशी ते बदलतो." रांगेतला एक पोरगा फिसकन हसला. त्याच्या हातातल्या प्रोजेक्टमध्ये मी मुद्दाम वाकून पाहिलं. प्राचीन काळापासूनच होतं. जरा बरं वाटलं.

काका थांबेनात. "12 जुलै 1961. आधी पानशेत, मग खडकवासला. आमच्या आईने नारायण पेठेतलं घर गेलेलं पाहिलंय, जातं तेवढं जागेवर राहिलं. आणि तुमच्यात नुसतं 'नुकसान झाल्याचे दिसून येते'. कुणाला दिसून येते?"

मला उत्तर सुचलं नाही. राग त्याचाच आला जास्त, की हे पानाला वीस रुपये घेणाऱ्या माणसाने सांगायचं, आणि ज्यांना याचाच पगार मिळतो त्यांनी दीड महिन्यात एक वेलांटी-उकार हलवायचा. दोन वर्षं 'सर वेळ आहे का' म्हणत केबिनबाहेर उभी राहिलेय मी, बाकी काही नाही तरी त्या भिंतीवरचं वेळापत्रक पाठ झालंय.

रात्री बसून अकरा पानं उडवली. धरण तिसऱ्या पानावर फुटलं, काकांच्या आईची परवानगी घेऊन जातंसुद्धा आलं. (करेक्शनचे पैसे काकांनी पूर्ण घेतले, स्वतः सुचवलेल्या करेक्शनचेसुद्धा.) आज सकाळी सरांना पाठवलं आणि कधी नव्हे ते दहा मिनिटांत उत्तर.

'पार्श्वभूमी कुठे गेली?'

काकांकडे सेव्ह असेल म्हणा.