पक्ष्यांचा वाईट दिवस

स्थलांतर करणारे गायक पक्षी पाहायला वसंतात सहल आखणारा नवखा माणूस निरभ्र आकाशाची आणि प्रसन्न हवेची अपेक्षा ठेवतो. मुरलेला पक्षीनिरीक्षक मात्र हवामानाच्या नकाशावर उलटा वारा आणि पाऊस शोधत असतो. यामागचे कारण कळले की या छंदाची एक अवघड बाजू समोर येते : आपल्याला जो दिवस आयुष्यभर आठवतो, तो पक्ष्यांसाठी बहुधा अत्यंत वाईट दिवस असतो.

मेक्सिकोच्या आखाताचेच पाहा. एप्रिल-मे महिन्यांत वटवटे, कस्तूर, टॅनेजर असे असंख्य पक्षी मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पावरून सूर्यास्तानंतर निघतात आणि सुमारे १,००० किलोमीटरचे पाणी एका दमात ओलांडतात. जेमतेम १० ग्रॅम वजनाच्या वटवट्याला हे जमते, ते निघण्यापूर्वी अंगात साठवलेल्या चरबीच्या बळावर. रात्री निघण्यातही हिशेब आहे. तेव्हा हवा थंड आणि स्थिर असते, शिकारी पक्ष्यांचा धोका कमी असतो आणि ताऱ्यांवरून दिशाही राखता येते. वारा पाठीशी असेल, तर दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा किनारा आला तरी यांतले बरेच पक्षी तिथे थांबत नाहीत, ते थेट आतल्या जंगलांकडे जातात आणि किनाऱ्यावर दुर्बिणी रोखून बसलेल्या मंडळींच्या वाट्याला रिकामी झाडे येतात. याउलट समुद्रावर असतानाच उत्तरेचा वारा आणि पाऊस आडवा आला, तर ती चरबी संपत येते आणि जमीन दिसताच पक्षी पहिल्या झाडाझुडपांत अक्षरशः कोसळतात. पक्षीनिरीक्षक याला ‘फॉलआउट’ म्हणतात, आणि टेक्सासमधील हाय आयलंड येथील झाडांच्या राया त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. जे पक्षी किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांची नोंद अर्थातच कोणाच्याही यादीत होत नाही.

अशा दिवशी राईत पाऊलच ठेवू नये, असे माझे म्हणणे नाही. एरवी झाडांच्या शेंड्यावर मान दुखेपर्यंत शोधावे लागणारे रंग गवतावर उतरलेले पाहण्याचा मोह मलाही आवरत नाही. मात्र दोन हातांच्या अंतरावर बसलेला पक्षी उडत नाही, याचे कारण त्याच्या अंगात त्राण उरलेले नसते, हे जाणून आपण वागले पाहिजे. छायाचित्रासाठी आणखी एक पाऊल पुढे टाकणारा माणूस त्याला खाणे सोडून उठायला लावतो. पक्ष्याचेच ध्वनिमुद्रित गाणे वाजवून त्याला बाहेर काढण्याची पद्धत तर मला इथे सर्वस्वी अयोग्य वाटते. त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून पक्षी धावून येऊ शकतो आणि उरलीसुरली ताकद त्यात घालवतो. ‘एका मिनिटाने काय बिघडते?’ असे समर्थन केले जाते. पण त्याच झुडपापाशी दिवसभरात येणारा प्रत्येक जण आपापले एक मिनिट वाजवत असतो.

म्हणूनच कोणी सल्ला विचारलाच, तर मी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील मॅगी मार्श या दलदलीच्या जागेचे नाव आधी घेतो. एरी सरोवर ओलांडण्यापूर्वी पक्षी तिथे आपणहून थांबतात, काठावरच्या झाडीत किडे टिपतात आणि पुढच्या प्रवासाची तयारी करतात. दलदलीतून जाणाऱ्या लाकडी पायवाटेवरून ते अनेकदा डोळ्यांच्या पातळीवर दिसतात आणि त्यासाठी कोणतेही संकट कोसळावे लागत नाही. मे महिन्यात तिथे माणसांची गर्दी फार असते, हे खरे. पण ती पायवाटेपुरती राहते, झाडीत घुसत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गटाने जाणार असाल, तर अंतर किती राखायचे आणि आवाज वाजवायचा नाही, हे प्रमुखाने निघण्यापूर्वीच स्पष्ट करावे. पक्षी समोर आल्यावर सुरू होणाऱ्या चर्चेचा काहीही उपयोग होत नाही. ज्यांना ही अट जाचक वाटेल, त्यांच्याबरोबर जाण्यापेक्षा मी एकट्याने जाणे आणि चार जाती कमी पाहणे पसंत करीन.