पायी चालायचंय? साथीची वाट पाहा

पुण्यात पायी चालायची हौस असेल, तर करोनासारख्या पुढच्या साथीपर्यंत कळ काढा. मागच्या वेळी तुम्ही बेसावध होतात म्हणून संधी हुकली. २०२० च्या एप्रिलमधला, लॉकडाउनमधला अलका टॉकीजचा चौक आठवा. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे मी तेव्हा पहिल्यांदा सलग पाहिले, आणि त्यांवर एक कुत्रं भर दुपारी ताणून दिलेलं.

तयारी आतापासून करा. कापडी पिशवी हवीच. वर कोथिंबिरीची जुडी डोकावली पाहिजे, मग खाली काही नसलं तरी चालतं. वडिलांच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी लॅमिनेट करून ठेवा. मात्र व्यायामाला म्हणून बाहेर पडू नका. बिबवेवाडीत सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलिसांनी भर रस्त्यात योगासनं करायला लावली होती.

आणि बांबूंना नमस्कार करायला विसरू नका. पेठेतल्या गल्लीच्या तोंडाशी दोन बांबू आडवे बांधले की गाडी बंद, माणूस वाकून पलीकडे! वाहतुकीचे एवढे आराखडे झाले, सल्लागार झाले. पण गाड्या अडवायला दोन बांबू आणि हातभर सुतळी पुरते, हे कळायला विषाणू यावा लागला. पुढे मांडववाला आपले बांबू घेऊन गेला आणि शोधही त्यांच्याबरोबरच गेला.

मुंबईकरांनी घर घेताना न्हावी, वाणी आणि सासुरवाडी दोन किलोमीटरच्या आत आहे ना, ते पाहावं. जून २०२० च्या अखेरीस तेवढीच मुभा होती. एप्रिल २०२१ मध्ये गाडीला लाल, हिरवा की पिवळा स्टिकर लावायचा, हे लोकांना कळेपर्यंत आठवड्याभरात स्टिकरच रद्द झाले. लोकलच्या भरवशावर तर राहूच नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती सर्वांना खुली झाली खरी, पण सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. ऑफिस साडेनऊचंच.

चालण्याची फारच हौस असलेले काही जण त्या उन्हाळ्यात डोक्यावर बोचकं आणि कडेवर मूल घेऊन नाशिकच्या महामार्गाने थेट उत्तर प्रदेशाकडे निघाले होते. दोन किलोमीटरची अट तोवर निघायची होती.

पुण्यातल्या पीएमपीच्या बस ३ सप्टेंबर २०२० ला पुन्हा धावू लागल्या. तोवर वाट पाहणं सगळ्यांना कुठलं जमायला? आमच्या सोसायटीत तिघांनी सेकंडहँड दुचाक्या घेतल्या. त्या अजून आहेत, फुटपाथवर. पुढे ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पादचारी दिन केला आणि लक्ष्मी रोडचा एक तुकडा गाड्यांपासून मोकळा ठेवला. दिवसभर. अधाशीपणा बरा नव्हे.

मधल्या काळात घाई असेलच, तर खोकून बघा. तेव्हा नुसतं घसा खाकरलं तरी माणसं सहा फूट लांब व्हायची. परवा कर्वे रोडच्या फुटपाथवर मी तोंडाला हात न लावता सणसणीत खोकलो. मागून येणाऱ्या बाइकवाल्याने ब्रेक मारला, हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाला, ‘‘काका, खोकायचं तर जरा खाली रस्त्यावर उतरून खोका ना!’’