‘त्यांच्या’ सणाची लायटिंग आणि चौकातला खांब

एक मेसेज दोन-तीन वर्षांत माझ्याकडे निदान पंधरा वेळा आला असेल. मजकूर थोडक्यात असा: ‘भारत धर्मनिरपेक्ष आहे, त्यामुळे नगरपालिकेने चौकात कुठल्याही धर्माचं चिन्ह लावणं घटनाबाह्य आहे. अमेरिकेत कोर्टाने सरकारी खर्चाच्या येशूच्या देखाव्यावर बंदी घातली. आपल्याकडे मात्र आपल्या कराच्या पैशातून त्यांच्या सणाची रोषणाई होते. पूर्वी असलं काही नव्हतं. चौकात फक्त सांस्कृतिक चिन्हं ठेवा. सहमत असाल तर दहा ग्रुपवर पाठवा.’

सगळी गंमत ‘त्यांच्या’ या शब्दात आहे. गणपतीच्या दिवसांत हा मेसेज पाठवणारे वेगळे आणि ईद-ए-मिलादच्या (पैगंबर जयंतीच्या) आठवड्यात पाठवणारे वेगळे, पण मजकुरात काना-मात्रेचाही फरक नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या पालिकेत लेखा विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे या विषयाचं मला जरा जास्तच खाजवतं.

आधी घटना. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द सरनाम्यात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आला हे खरं, पण धर्मस्वातंत्र्याची २५ ते २८ ही कलमं पहिल्यापासून आहेत. त्यांत चौक, खांब, कमान यांचा उल्लेख कुठेच नाही. पैशाबद्दल बोलतं ते कलम २७: एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी म्हणून राखून ठेवलेला कर द्यायला कोणालाही भाग पाडता येणार नाही. हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या कलमाचा अर्थ लावताना सांगितलं की कराचा मोठा हिस्सा एका धर्माकडे वळला तर कलम मोडतं, किरकोळ खर्चाने मोडत नाही. (ते अनुदानही २०१८ मध्ये बंद झालं. मेसेज पाठवणाऱ्यांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.) उलट कलम २९०-क मध्ये आकड्यासकट लिहिलंय की केरळ सरकारने दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला द्यायचे. हा निधी देवळांचा, आणि कलम आपल्याच घटनेतलं. ते बरं की वाईट हा वेगळा वाद झाला. पण ‘एक रुपयासुद्धा घटनाबाह्य’ हे म्हणणं तिथेच बाद होतं.

मेसेजवाल्यांच्या हाती एक खरा मुद्दा होता, तो त्यांनी वापरलाच नाही. रस्ता, बाग, मोकळी सार्वजनिक जागा इथे नवं देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा बांधू द्यायचा नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ ला दिला. १८ जानेवारी २०१३ ला रस्त्यावरच्या नव्या पुतळ्यांनाही रोखलं. त्याच आदेशात दिवाबत्ती, वाहतूक आणि रस्त्याचं सुशोभीकरण यांना सूट आहे. म्हणजे कोर्टाची हरकत कायमच्या बांधकामाला आहे. आठ दिवसांनी उतरणारी माळ त्यात येत नाही. आता आपल्याकडे आठ दिवसांची माळ आठ महिने लटकते, ती गोष्ट निराळी.

अमेरिकेचा दाखला तर अर्धाच दिलाय. ऱ्होड आयलंड राज्यात पॉटकेट नावाचं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने १९७३ मध्ये गव्हाणीतल्या बाळ येशूचा देखावा १,३६५ डॉलरला विकत घेतला होता. तो दरवर्षी बाजारपेठेतल्या बागेत मांडायचा आणि काढायचा खर्च साधारण वीस डॉलर. (हे वाचून माझ्यातला कारकून सुखावला. वीस डॉलरचं व्हाउचर थेट सर्वोच्च न्यायालयात!) शेजारी सांताक्लॉजचं घर, रेनडिअर, ख्रिसमसचं झाड, विदूषक, हत्ती, टेडी बेअर अशी जत्राच भरवलेली. कोर्टाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो देखावा चालू ठेवायला परवानगी दिली. बंदी आली ती १९८९ मध्ये, पिट्सबर्गच्या खटल्यात. तिथे गव्हाणी कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, न्यायालयाच्या मुख्य जिन्यावर एकटीच मांडलेली होती, ती घटनेविरुद्ध ठरली. पण त्याच निकालात, जवळच्याच दुसऱ्या सरकारी इमारतीसमोर ४५ फुटी ख्रिसमस झाडाशेजारी उभा असलेला ज्यूंचा १८ फुटी मेनोरा (त्यांच्या सणाचा फांद्यांचा दिवा) चालेल असं ठरलं. तिथलेच टीकाकार याला ‘रेनडिअरचा नियम’ म्हणून हसतात: देवाशेजारी पुरेशी खेळणी मांडा, म्हणजे देव सरकारला चालतो. हे निकाल ज्या कसोटीवर बेतले होते तीसुद्धा तिथल्या कोर्टाने २०२२ मध्ये मोडीत काढली. तेव्हा ‘अमेरिकेत बंदी आहे’ म्हणणाऱ्याने निदान कुठला खटला आणि कुठलं साल एवढं सांगावं.

आता ‘सांस्कृतिक चिन्ह’. हा मुद्दा ऐकायला सगळ्यात शहाणा आणि मला सगळ्यात पोकळ वाटतो. राष्ट्रध्वजावरचं चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरचं आहे, आणि सारनाथ म्हणजे बुद्धाने पहिला उपदेश केला ती जागा. राजमुद्रेखालचं ‘सत्यमेव जयते’ मुंडक उपनिषदातलं. घटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीत मूलभूत हक्कांच्या भागावर राम-सीता-लक्ष्मणाचं चित्र आहे, आणि पुढच्या पानांवर बुद्ध, महावीर, अकबर, गुरू गोविंदसिंग, शिवराय सगळे भेटतात. यातलं धार्मिक किती आणि सांस्कृतिक किती, हे तोलायचा काटा कोणाकडे आहे?

आमच्याकडे लायटिंगचं काम घेणाऱ्या एका गुत्तेदाराच्या गोदामात मी एकदा बिलाची मोजणी करायला गेलो होतो. भिंतीला लोखंडी पट्टीच्या फ्रेमा टेकवून ठेवलेल्या, त्यांवर एलईडीच्या नळ्या तारेने बांधलेल्या. त्यात एक चंद्रकोर होती, माणसाच्या उंचीची. मी विचारलं, ही मिलादची का? तो म्हणाला, ‘साहेब, चांदणी लावली की मिलादची. चांदणी काढून टोकं वर केली की शिवजयंतीची. फ्रेम एकच, भाडं दोनदा.’ फ्रेमच्या मधोमध चांदणी अडकवायला दोन बोल्ट होते, घासून गुळगुळीत झालेले. ही चंद्रकोर कुठल्या रकान्यात टाकायची, ते मेसेजवाल्यांनीच सांगावं.

‘पूर्वी असलं काही नव्हतं’ हे म्हणणाऱ्याने लातूरला जाऊन गंजगोलाई बघावी. निजामाच्या राज्यात १९१७ साली बांधलेली ही बाजारपेठ. आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा, सोळा रस्ते येऊन मिळतात आणि मध्यभागी अंबाबाईचं देऊळ. त्याच्याभोवती सोनं, चपला, मिरची, गूळ सगळ्यांची दुकानं. पण याचा अर्थ पूर्वी सगळं गोडीगुलाबीचं होतं असाही नाही. त्याच निजामाच्या राज्यात धार्मिक कार्यक्रमांवरच्या बंधनांविरुद्ध १९३८-३९ मध्ये आर्य समाजाला सत्याग्रह करावा लागला. आणि चिन्ह, नाव यांची किंमत मराठवाड्याला कोणी शिकवू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात किती घरं जळाली ते इथल्या लोकांना माहीत आहे.

राहिला पैसा. माझ्या टेबलावरून सणांची जी बिलं गेली ती अशी: मिरवणुकीच्या रस्त्यावर मुरूम, विसर्जनाच्या विहिरीचा गाळ, ईदगाहला पाण्याचे टँकर, १४ एप्रिलला पुतळ्याच्या परिसराची रंगरंगोटी, आणि सगळ्यांच्याच वेळी बंद पडलेले पथदिवे. चौकातली चमचम बहुतेक मंडळांची आणि कमिट्यांची, वर्गणीतून. पालिकेचं खरं नुकसान होत होतं ते आकड्यात. पथदिव्याच्या तारेवर आकडा टाकून पंधरा दिवस माळा जळायच्या आणि वीजबिल पालिकेच्या दिवाबत्तीच्या हेडमधून, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यातून, जायचं. आकडा टाकण्यात कुठलाही समाज मागे नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यावर कारवाई करायचं एकाही मुख्याधिकाऱ्याने मनावर घेतलं नाही, आणि मीही कधी टिपणी लिहिली नाही.

२०२४ चा सप्टेंबर आठवा. १६ तारखेला मिलाद, १७ ला अनंत चतुर्दशी, आणि १७ लाच आमचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या आठवड्यात आमच्या नाक्यावरच्या एकाच खांबावर पिवळ्या माळा, हिरव्या पताका आणि पालिकेची तिरंगी पट्टी असं तिन्ही होतं. मी सकाळी दूध आणायला गेलो तर वायरमन शिडीवर. पट्टीसाठी त्याला जागाच सापडेना. शेवटी त्याने माळ चार बोटं वर सरकवली, पताकेची सुतळी खाली घेतली आणि मध्ये पट्टी आवळली. खाली चहाच्या गाड्यावर दोन्ही मंडळांची पोरं उभी होती. कोणी काही बोललं नाही. एकाने शिडी धरली. पुढे डिसेंबरपर्यंत ते तिन्ही तसंच होतं, कारण उतरवायचं काम कोणाचं हे परवानगीत लिहिलेलंच नव्हतं. मला विचाराल तर भांडायचं असेल तर या ओळीसाठी भांडावं: लावणारा कोण, वीज कोणाच्या मीटरवर, उतरवायची तारीख कोणती, आणि तीच अट पुढच्या सणाला पुढच्या कमिटीला आहे का.

हे विचारायला दहा ग्रुप लागत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि मागायचं एवढंच: मागच्या तीन वर्षांत सणांसाठी दिलेल्या खांबांच्या परवानग्या आणि दिवाबत्तीच्या हेडखालची बिलं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नक्कल घ्यायला आवक-जावकच्या खिडकीवर दुपारी तीननंतर जा, त्याआधी साहेब जेवायला गेलेले असतात.