डॉ. सुभाष मुखर्जी यांचे श्रेय आणि एका मजकुरातील चुका

राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की नागपुरातील शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरू लागतो. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून जन्मली, इंग्रजांनी त्यांची पद्धत चोरली आणि केवळ भारतीय म्हणून त्यांना नोबेल नाकारले, असा त्याचा आशय. पाठवणाऱ्यांच्या मनात मुखर्जींविषयी आदर असतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु वर्षानुवर्षे प्राणिशास्त्र शिकवल्यावर हा मजकूर मुकाट्याने पुढे जाऊ देणे मला पटत नाही, कारण त्यातील चुकीच्या दाव्यांखाली मुखर्जींचे खरे संशोधन झाकले जाते.

पहिला दावा तारखांपुढे टिकत नाही. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मली आणि मुखर्जींच्या प्रयोगातून झालेली मुलगी, जिला जग ‘दुर्गा’ या नावाने ओळखते, ती 3 ऑक्टोबर 1978 रोजी कोलकात्यात जन्मली. ती जगातील दुसरी.

चोरीचा आरोप तर दोन्ही बाजूंवर अन्याय करणारा आहे. लुईसचा जन्म ज्यांच्या प्रयत्नांतून झाला, त्या ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांनी मानवी स्त्रीबीजाचे शरीराबाहेर फलन झाल्याचे 1969 मध्येच ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. शिवाय दोघांच्या पद्धतीच वेगळ्या होत्या. एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी डॉक्टर पॅट्रिक स्टेप्टो यांनी नैसर्गिक मासिक चक्रात पक्व झालेले एकच स्त्रीबीज पोटातून दुर्बिणीने काढले. मुखर्जींनी रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रापासून मिळणारे संप्रेरक देऊन अंडाशयात एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे पक्व केली आणि ती योनीमार्गे काढली. संप्रेरकांच्या अशा माऱ्यानंतर त्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर भ्रूण रुजण्यास अनुकूल राहत नाही, हे ओळखून त्यांनी आठ पेशींचा भ्रूण 53 दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या चक्रात त्याचे रोपण केले. पेशीतील पाण्याचे स्फटिक झाले तर पेशी फाटते. ते टाळण्यासाठी डायमिथिल सल्फॉक्साइड हे द्रव्य वापरले. त्यांच्या सोबत शीतकरणाचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य होते. गोठवलेल्या भ्रूणापासून मूल जन्मल्याची जगन्मान्य नोंद ऑस्ट्रेलियातून झाली ती 1984 मध्ये, म्हणजे दुर्गेनंतर पाच वर्षांहून अधिक काळाने. आज नागपुरातील धंतोली-रामदासपेठेतील वंध्यत्व उपचार केंद्रांत संप्रेरकांची इंजेक्शने, योनीमार्गे स्त्रीबीज काढणे आणि गोठवलेल्या भ्रूणाचे रोपण या नित्याच्या गोष्टी आहेत. मुलांना सांगायचे तर हे सांगावे. ‘जगात पहिले’ या बिरुदापेक्षा त्यात कितीतरी अधिक विज्ञान आहे.

नोबेलविषयी थोडक्यात एवढेच, की ते मरणोत्तर दिले जात नाही. एडवर्ड्स यांना ते 2010 मध्ये मिळाले. मुखर्जी 1981 मध्ये गेले होते आणि 1988 मध्ये निधन पावलेले स्टेप्टो इंग्रज असूनही त्या सन्मानाला मुकले.

अन्याय झालाच नाही, असे मात्र कोणी समजू नये. तो झाला, आणि आपल्याच देशात झाला, ही गोष्ट या मजकुरात सोयीस्करपणे परकीयांच्या माथी मारली जाते. पश्चिम बंगाल सरकारने 1978 च्या नोव्हेंबरमध्ये नेमलेल्या समितीने मुखर्जींचा दावा फेटाळला. त्या समितीचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. जपानमध्ये जाऊन आपले काम मांडण्याची परवानगी त्यांना नाकारली गेली. कोलकाता आणि एडिनबरा या दोन विद्यापीठांची पीएच.डी. मिळवलेल्या, संप्रेरकांवर आयुष्य वेचलेल्या या शास्त्रज्ञाची बदली शेवटी नेत्रविज्ञान संस्थेत करण्यात आली. 19 जून 1981 रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. हे वाचताना आजही संताप येतो.

या मजकुराला उत्तर म्हणून दुसऱ्या टोकाचा दावाही केला जातो, की मुखर्जींकडे कसलाच पुरावा नव्हता. तपशीलवार शोधनिबंध ते प्रसिद्ध करू शकले नाहीत, हे खरे. पण भ्रूण गोठवण्याविषयीचा त्यांचा संक्षिप्त अहवाल 1978 मध्येच ‘इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स’मध्ये आला होता. पुढे शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मुखर्जींच्या हस्तलिखित नोंदी तपासल्या. मुंबईत 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या सोबतीने जन्माला आणलेल्या बाळामुळे भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे श्रेय तोवर आनंद कुमार यांच्याकडेच होते. नोंदी वाचल्यावर 1997 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकातून त्यांनी ते श्रेय, कोणी मागितले नसताना, मुखर्जींच्या नावे लिहून दिले.